बांधून ठेवलेली कळ

मी बोलतोय. गवत कापायचं मशीन. हातानं ढकलायचं चिल्लर नव्हे, ऐटीत वर बसून चालवायचं, लाल, दणकट. आता माझं झाकण चेपलंय, एक दिवा लोंबतोय आणि सीटमधला स्पंज बाहेर आलाय. तरी हळू बोलायची मला सवय नाही. ऐकायचं तर ऐका.

माझा जन्मच कापण्यासाठी. कारखान्यात पोटाखाली पाती बसवून पहिल्यांदा फिरवली, तेव्हा आजूबाजूचे कामगार झटकन मागे सरले. आपल्याला लोक घाबरणार हे मला तिथंच कळलं, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं.

मग दुकानात दादा आला. वेल्डिंगचं वर्कशॉप चालवणारा, जाड मनगटांचा, नाकावर सदा राग. बरोबर बायको आणि धाकटा भाऊ. तिघं एकाच घरात राहणारी.

"आवार केवढं आहे?" दुकानदारानं विचारलं.

"मोठं आहे."

"आणि झाडं?"

"असतील थोडी."

"थोडी?" धाकटा हसला. "दादा, आपल्याकडे दुपारीसुद्धा कपडे वाळत नाहीत. ते कोपऱ्यातलं ढकलायचं घेऊ या. याला वळायला जागा कुठंय?"

"मीही तेच म्हणतेय," बायको म्हणाली. "हे त्या जुळ्या झाडांमधून जाणार आहे का? आधी घरी जाऊन मोजा तरी."

"तुम्ही दोघं मोजत बसा," दादा म्हणाला आणि माझ्यावर चढून बसला. झालं, मी त्याचा.

पहिल्याच दिवशी मी त्या आवारात धुमाकूळ घातला. गवताबरोबर एक बेडूक गेला. मुळांवर पाती आपटून ठिणग्या उडाल्या. एक दगड असा भिरकावला की स्वयंपाकघराच्या खिडकीची काच खळकन फुटली आणि आत बायको किंचाळली. खोडांच्या साली निघाल्या, आतलं ओलं पांढरं लाकूड उघडं पडलं. झाडंही गप्प बसली नाहीत. खालच्या फांद्यांनी दादाच्या तोंडावर सपासप फटके दिले. तो जितका चिडला, तितका मला जोरात हाणत राहिला.

माझ्या सीटखाली एक कळ आहे. माणूस सीटवरून उठला की ती सुटते आणि मी बंद पडतो. माझ्यात अक्कल म्हणून घातलेली ती एवढीच. पण त्या आवारात पावलोपावली फांद्या पडलेल्या. दादा उचलायला उतरायचा, मी बंद. चढायचा, मी चालू. पुन्हा उतरायचा, पुन्हा बंद. शेवटी त्यानं शिवी हासडली, वर्कशॉपमधून तार आणली आणि ती कळ आवळून बांधून टाकली.

"अरे, ती आपल्याच जिवासाठी असते," धाकटा म्हणाला.

"डोकं नको खाऊस."

त्यानंतर मला थांबायचं कसं तेच कळेना. गिअर टाकला की वर माणूस असो नसो, मी पुढे.

उरली ती जुळी झाडं. त्यांच्या मधून पलीकडच्या गवतात जायची वाट होती आणि माझं अंग त्या वाटेहून वीतभर रुंद. दादानं दोनदा घुसवून पाहिलं, दोन्ही वेळा मी अडकलो. धाकटा पायरीवर बसून हसत होता. ते हसणंच नडलं. दादा घरात गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला.

"एक पाडतो. बघू मग कसं जात नाही."

धाकट्याचं हसू मावळलं. तो धावत येऊन दोन खोडांच्या मधे उभा राहिला. "मशीन जात नाही म्हणून झाड पाडणार? उद्या पलंग दारातून जात नाही म्हणून भिंत पाडशील!"

"बाजूला हो."

"नाही होत, जा."

"आई गं, पुरे करा रे दोघं!" बायको दारातून ओरडली. कोण ऐकतंय!

दादानं कुऱ्हाड बाजूला फेकली, माझ्यावर बसला आणि मला सुसाट सोडलं, थेट भावाच्या अंगावर. धाकटा जागचा हलला नाही. मी त्याच्या गुडघ्यांपाशी पोचणार, तोच खालची जाड फांदी दादाच्या गळ्यावर बसली आणि तो उलटा खाली कोसळला. मी धाडकन खोडावर आदळलो, गर्रकन फिरलो, आणि पाती फिरतच होती. समोर दादा पडलेला. मी त्याच्याकडेच निघालो. कळ सुटली असती तर मी थांबलो असतो हो! पण ती तारेत आवळलेली.

धाकट्यानं झेप घेतली. दादाची कॉलर धरून त्याला फरफटत ओढलं. बाकी सगळा दादा सुटला, एक पाऊल राहिलं. बूट, चामडं, हाड, सगळं माझ्या पात्यांना लागलं. दादाच्या किंकाळीनं झाडांवरचे पक्षी उडाले. धाकट्यानं माझी चावी हिसकावली, अंगातला शर्ट फाडून पाय आवळला आणि त्याला पाठीवर घेऊन फाटकाकडे पळाला. गवत लालभडक झालं होतं.

दादा वाचला. अर्धं पाऊल गेलं. तो कुबडी घेऊन घरी आला आणि सरळ वर्कशॉपमध्ये गेला, घण घेतला आणि माझ्यासमोर येऊन एका पायावर उभा राहिला. पहिला घाव झाकणावर, दुसरा दिव्यावर. मग दम लागून तो खाली बसला.

"हलला का नाहीस रे?" त्यानं मागोमाग आलेल्या भावाला विचारलं. "मी चालवलं असतं तर?"

"असतं काय? चालवलंसच की, दादा."

दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मला वाटलं, तू हलशील."

"मला वाटलं, तू थांबशील."

 धाकटा भावाकडे बघत राहिला, इतका वेळ की दारातली बायको दोन पावलं पुढे आली. त्यानं दादाच्या हातातला घण ओढून घेतला, वर उचलला आणि सगळ्या ताकदीनं माझ्यावर घातला. मग पुन्हा. मग दादानं मागितला. आळीपाळीनं चाललंय दोघांचं, दोघंही हमसून रडताहेत.

हाणा रे, हाणा! माझं पातं मोडा, चाकं मोडा. तो घण माझ्यावरच पडतोय तोवर मला काही म्हणायचं नाही. फक्त मी पुरता मोडलो ना, की तो खाली ठेवा आणि घरात जा.