माझ्यातली उपाशी बाई

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. मला स्वतःचं तोंड नाही. समोर येईल त्याचं वापरतो. बारा वर्षं एका न्हाव्याच्या दुकानात काढली. तिथे लोक माझ्यात मान वळवून स्वतःवर खूश होत. दुकान बंद पडलं आणि माझी बदली इस्पितळात झाली. विसरत चाललेल्या म्हाताऱ्यांचा वॉर्ड, खाट नंबर चारच्या अगदी समोर, हात पुरेल इतक्या जवळ.

चार नंबरच्या आजी मुलाला 'डॉक्टर' म्हणत आणि डॉक्टरांना 'दादा'. माझ्या जागी त्यांना एक बाई दिसे. पांढऱ्या केसांची, अनोळखी, टक लावून बघणारी. पहिल्याच दिवशी आजींनी तिला बसायला सांगितलं. ती आधीच बसलेली होती.

आजींचं वजन उतरू लागलं. तक्त्यावर लिहिलं गेलं, 'सांडतात, खात नाहीत.' शेवटी डॉक्टरांनी ठरवलं, नाकातून नळी घालायची. ती ओढून काढू नये म्हणून हात खाटेला बांधायचे. मुलगा सहीसाठी खिशात पेन शोधत होता, पेन हातातच होतं.

मला रोज पुसणाऱ्या मावशी तेवढ्यात फडकं घेऊन आल्या आणि थबकल्या.

"सिस्टर, सांडलेलं खाली असतं. हे रोज आरशातल्या बाईच्या तोंडावरच असतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजींनी सूपचा चमचा भरला, स्वतःचं तोंड उघडलं. आतल्या बाईनेही उघडलं. चमचा तिच्याकडे गेला. काचेवरून सूप ओघळलं.

सिस्टरनी माझ्यावर चादर टाकली. अंधारात मला आजींचा आवाज आला.

"ती कुठं गेली? उपाशी आहे ती."

इथे कुणी नव्हतंच, असं सिस्टर म्हणाल्या नाहीत.

"तिचं पोटभर झालं, आजी. आता तुमचं राहिलंय."

मग चमचा वाटीला लागला. घोट गिळल्याचा आवाज आला. मग दुसरा. पेनाला टोपण लागल्याचाही आला.

महिन्याभराने आजी घरी गेल्या. मित्रांनो, समोरचं माणूस गेलं की आतलंही जातं, असा आमच्या धंद्याचा नियम आहे. पण चादरीखाली ती अजून आहे. अधूनमधून तोंड उघडते.

म्हणून एक विनंती. कधी या वॉर्डात आलात, तर 'इथे कुणी नाही' असं कुणालाच सांगू नका. चादरही उचलू नका. उचललीतच, तर आधी तिला विचारा, "जेवलात का?"