दारासमोरच्या डांबरासाठी

मी रस्त्यावरचा शंकू बोलतोय. केशरी अंग, पोटावर पांढरा पट्टा. खड्डा खणला की कामगार ज्याला चारी बाजूंनी उभा करतात, तोच मी. माझी पोटापाण्याची विद्या एकच : ‘इकडे येऊ नका’ म्हणत गप्प उभं राहायचं. मला सहज चिरडू शकणारे ट्रकसुद्धा माझ्यासमोर वाट बदलायचे. तो मान खड्ड्याचा होता, माझा नव्हता. पण मला तो आवडायचा.

तिथून मला क्लिफर्ड ऑक्लीनं उचललं. भरदिवसा, कोटाखाली दाबून. हा तोच म्हातारा, जो बसथांब्यावर पोरांना ‘तुमच्या पिढीला लाज नाही’ म्हणून सुनावतो. चोरी करताना त्याचा श्वाससुद्धा वाढला नाही.

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या कडेचं हे उपनगर. घरं एकमेकांना चिकटलेली, गाड्या सगळ्या रस्त्यावर. रस्ता कुणाच्या बापाचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तरी आपल्या खिडकीसमोरचं डांबर आजोबांनी नावावर करून दिलंय, अशा थाटात जो तो पडद्याआडून त्यावर नजर ठेवून असतो.

क्लिफर्डची निळी गाडी दर रविवारी धुतली जायची, पुसली जायची, पण हलायची नाही. हलली की जागा गेली! बायको डोरीन पिशव्या सांभाळत बसनं फिरायची. तिची बहीण नोरा समुद्राकाठी, स्केगनेसला, शेवटच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती.

“क्लिफ, एकदा ने रे मला. ती माझं नाव घेत असते म्हणे.”

“नेतो गं. पण समोरचा टेरी टपूनच बसलाय. आधी जागेचं बघू दे.”

बघितलं ते असं, की मला आणलं.

टेरी माबी समोरच्या घरात राहायचा. गिलाव्याचं काम, भलीमोठी व्हॅन. दोघं भेटले की “आज ऊन छान पडलंय, नाही का?” म्हणायचे, आणि पाठ वळली की एकमेकांच्या काचेवर चिठ्ठ्या खोचायचे. प्रत्येक चिठ्ठीत ‘कृपया’ होतं. शिवी दिली असती तर कदाचित तिथंच मिटलं असतं.

एका शनिवारी सकाळी निळी गाडी निघाली. डोरीननं नवा स्कार्फ गळ्यात गुंडाळला होता, मांडीवर नोरासाठी केक होता. मी जागेवर उभा राहिलो.

गाडी वळली तोच टेरी आला. माझं टोक धरून म्हणाला, “खड्डा कुठाय रे? म्हाताऱ्याच्या डोक्यात?” आणि लाथ घातली. मी त्याच्याच कुंपणात जाऊन पडलो. जागेवर व्हॅन उभी राहिली.

तेवढ्यात निळी गाडी परत आली. पेट्रोल पंपापर्यंतच गेली होती. क्लिफर्डला राहवलं नव्हतं. शंकू आहे ना, एवढंच बघायला तो परत फिरला होता.

रस्त्याच्या मधोमध गाडी चालू ठेवून तो उतरला. हातात गाडी चोरीला जाऊ नये म्हणून स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा. पहिल्या फटक्यात व्हॅनची समोरची काच गेली, दुसऱ्यात आरसा.

“ए थेरड्या!” टेरी घराबाहेर धावला.

“माझी जागा आहे ती, हरामखोरा!”

“तुझी? थांब, तुला पुरतो तिथं!”

दांडा टेरीच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला कुंपणात ऐकू आला. त्यानं दुसऱ्या हातानं म्हाताऱ्याची मान धरून तोंड व्हॅनच्या दारावर आपटलं. पुन्हा आपटलं. दात डांबरावर सांडले. क्लिफर्ड सरपटत माझ्यापर्यंत आला, मला उचललं आणि माझं जड बूड टेरीच्या तोंडावर हाणलं. गरम रक्त माझ्या पांढऱ्या पट्ट्यावरून ओघळलं. खिडक्यांत चहाचे कप दिसत होते. एकही दार उघडलं नाही.

“क्लिफ, नोरा वाट बघतेय!” डोरीन ओरडत होती. “क्लिफ!”

त्यानं वळूनही पाहिलं नाही. टेरीच्या छातीवर बसून तो मला पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडावर हाणत होता.

मग डोरीन ओरडायची थांबली. सरकून स्टिअरिंगमागं बसली. नवऱ्यानं तिला त्या स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नव्हता. गाडीनं एक आचका खाल्ला. क्लिफर्ड दचकून उठला, मी त्याच्या हातून निसटून पुढच्या चाकाखाली गेलो.

“अगं ए, जाऊ नकोस! हा आत्ता व्हॅन काढेल, आपली जागा—”

ती माझ्यावरून गेली. मला त्याचा राग नाही.

नोरा जिवंत भेटली, असं दारातल्या बायका बोलतात. तिला पुरूनही डोरीन परतली नाही. तिकडेच खोली घेऊन राहिलीय. पोलीस येऊन गेले, टेरीनं व्हॅन पलीकडच्या गल्लीत लावली, आता खटला चालेल.

मी चपटा होऊन गटाराच्या तोंडाशी पडलोय. जागा रिकामीच आहे. क्लिफर्ड रोज सकाळी जबड्याला पट्टी बांधून येतो आणि तिच्या मधोमध हाताची घडी घालून उभा राहतो. लावायला त्याच्याकडे गाडी नाही. तुम्ही या रस्त्यानं आलात, तर हॉर्न वाजवू नका. तो हलणार नाही.