रसायनाच्या दोघी

“मावशी, परीक्षकांसाठी हाताच्या दोन खुर्च्या आणा. आणि चहाचंही बघा,” मुख्याध्यापक म्हणाले, आणि जिची परीक्षा होती तीच बाई खुर्च्या आणायला निघाली. त्या दिवशी तिची रजा होती. अर्ज त्यांनीच मंजूर केला होता. पण अठरा वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राबलेली बाई समोर दिसली की लोकांना नेमकी कामं आठवतात. मी तिला अडवायला गेले, तर तिने मलाच गप्प केलं. खुर्च्यांवरून कशाला वाद, पाच मिनिटांत येते, म्हणाली.

तिला मी ताई म्हणायचे. आमचं विद्यापीठ म्हणजे एक दुमजली इमारत. वरच्या मजल्यावर ग्रंथालय होतं आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हे दोन वर्षांत आम्हाला कळलं नाही. शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाला आम्ही एकोणीस जण होतो. भाषेला अकरा, इतिहासाला सहा आणि रसायनाला आम्ही दोघीच. मी बावीस वर्षांची, ती एक्केचाळीसची. दोघींसाठी विषय चालवणं परवडत नाही, तेव्हा तुमच्यानंतर रसायन बंद, असं आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगून झालं होतं. म्हणजे ह्याच खेपेला पास झालो तर रसायनाच्या शिक्षिका, नाहीतर दुसरा विषय घेऊन पुन्हा श्रीगणेशा.

ताईने नोकरी सांभाळून विज्ञानाची पदवी घेतली होती, तीही रखडत रखडत सहा वर्षांत. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. ही दोन वर्षं संध्याकाळचा स्वयंपाक त्याच्याकडे होता आणि मुलगी तो मुकाट्याने खात होती. ह्यात जास्त कष्ट कुणाचे ते तूच ठरव, असं ताई हसत म्हणायची. अभ्यासात ती माझ्या कितीतरी पुढे होती. मी पाठाचं टाचण लिहून न्यायचे आणि ती ते वाचून शांतपणे सांगायची की हे मुलांना कळणार नाही, कारण हे तुलाच कळलेलं नाही. मला भयंकर राग यायचा. घरी जाऊन पुस्तक उघडलं की तिचंच खरं निघायचं.

शेवटची परीक्षा म्हणजे खऱ्या मुलांसमोर चाळीस मिनिटांचा पाठ. आधी तिचा, मग माझा, आणि तोही ती काम करायची त्याच शाळेत. आपलं सामान आपणच मांडायचं, दुसऱ्याने हात लावला तर दोघांचेही पाठ रद्द, असा नियम होता. ताई खुर्च्या आणायला गेली आणि बाहेर परीक्षकांची गाडी थांबली. टेबल रिकामं होतं. माझं धाबं दणाणलं. मी नियम गुंडाळून ठेवला आणि भराभर सगळं मांडलं. दिवा, चिमटा, मोरचुदाची बाटली, आणि बेसिनजवळच्या स्टँडमधून उचललेल्या चार परीक्षानळ्या.

तो स्टँड तडकलेल्या नळ्यांचा होता. नव्या नळ्या मागून लवकर मिळत नाहीत, म्हणून केसाएवढी चीर गेलेल्या नळ्या ताई टाकून देत नसे, बाजूला ठेवत असे. थंड द्रावणाला त्या चालतात, आचेवर मात्र धरायच्या नाहीत. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं, आणि मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ताई परत आली, मांडलेलं टेबल तिने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही बोलायला किंवा तपासायला वेळच नव्हता. परीक्षक दारात उभे होते.

पाठ सुरू झाला आणि मागच्या बाकावर बसलेली मी माझी परीक्षा विसरून गेले. निळा मोरचूद तापवला की पांढरा का पडतो, त्यातलं पाणी कुठे जातं, हे तिने सांगितलं नाही. एकेक प्रश्न विचारत तिने ते मुलांकडूनच काढून घेतलं. इतकं चांगलं शिकवताना मी आमच्या प्राध्यापकांनाही पाहिलं नव्हतं. पंचविसाव्या मिनिटाला तिने नळी आचेवर धरली आणि ती फुटली.

कुणाला लागलं नाही. पण ताईचे हात सवयीने कामाला लागले. मुलांना मागे सारून ती खाली बसली. तिने काचा वेचल्या, फरशी पुसली, बारीक कण राहिलेत का ते वाकून पाहिलं, पुन्हा पुसली. शिपायाला हाक मारून फळ्याकडे वळायचं, एवढंच खरं तर तिला करायचं होतं. पण हाक मारणार कुणाला? त्या खोलीत ते काम अठरा वर्षं तीच करत आली होती. ती उठून उभी राहिली तेव्हा घंटा व्हायला आली होती. पाठाचा शेवट राहूनच गेला.

दोघांतला वयस्कर परीक्षक काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने आवाज न चढवता विचारलं, “तडकलेली नळी आचेवर? मांडणी कोणी केली?”

माझा पाठ अर्ध्या तासावर आला होता. मी मिठाची गुळणी धरून बसले.

“मीच केली,” ताई म्हणाली.

सुरक्षिततेला शून्य म्हणजे नापास, मग बाकीच्या रकान्यांत काहीही असो. मी बऱ्या गुणांनी पास झाले. विद्यापीठाने तिला भाषा विषय घेऊन पुन्हा बसायला सुचवलं, आणि तिची समजूत घालायला मीच गेले, मोठ्या तोंडाने.

“मला नुसतं शिक्षिका व्हायचं नव्हतं गं,” ती म्हणाली. “मला रसायन शिकवायचं होतं.”

तिने अर्ज भरला नाही. मी तेव्हाही विद्यापीठात जाऊन खरं सांगू शकले असते. सांगितलं नाही. का नाही, ह्याचं उत्तर मी भित्री होते इतकंच आहे.

वर्षभराने मला नोकरी लागली, ती त्याच शाळेत. पहिल्या तासाआधी मी मुद्दाम लवकर प्रयोगशाळेत गेले. ताई बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मी एका दमात म्हणून टाकलं, की ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.

“हो,” ती म्हणाली. “हवं होतं.” मग एक चिठ्ठी नीट दाबून बसवली. “त्यांनी विचारल्यावर मी जरा थांबले होते. तू बोलशील म्हणून.”

तेवढ्यात मुलं आत आली. “सामान तयार आहे, मॅडम,” असं म्हणून ती दाराशी जाऊन उभी राहिली. तिथे स्टूल होतं, पण ती बसली नाही. तासाच्या मध्यावर फळ्यावर एक समीकरण मी चुकीचं लिहिलं. वर्गात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. दाराशी ताईने मान खाली घातली.