हातगुण्यांची कवचकुंडलं

ड्रेसिंगच्या खोलीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. टाके काढायला आलेल्या बायका भिंतीकडच्या बाकावर, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हायची त्या आम्ही समोर, आणि दारात सासवा, मावश्या, नणंदा. उद्याच्या बायकांना आजच्या बायका दाखवायच्या म्हणजे भीती पळते, अशी इथली रीत. मोठे डॉक्टर, ज्यांना सगळे ‘हातगुणे’च म्हणत, पडद्याआड एकेकीचे टाके काढत आणि डोकं बाहेर काढून पुकारत,

“भरली! कोरडी ठणठणीत! पू नाही, ताप नाही. कशामुळे?”

“कवचकुंडलं!” सासवा एका सुरात.

कवचकुंडलं म्हणजे लाल-पिवळ्या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल. शस्त्रक्रिया लहान असो की मोठी, आठवडाभर घ्यायच्याच. “शिवतो मी, पहारा देतात या!” हातगुणे म्हणाले. “माझ्याकडे आजवर एक टाका पिकलेला नाही!”

माझ्या सासूबाईंनी चक्क हात जोडले. माझं लक्ष मात्र मांडीवरच्या माझ्या तान्ह्या ठकीकडे. अंडाशयावरची गाठ दुर्बिणीतून काढायची, पोटावर बारीकसे छेद. त्याची धास्ती नव्हती. धास्ती होती इथल्या दुसऱ्या नियमाची: कॅप्सूल चालू तोवर अंगावरचं दूध बंद. आणि आमची ठकी बाटली नुसती दिसली तरी असा भोंगा लावते की शेजारी दार वाजवतात. आठवडाभर ही पोर जगणार कशावर?

“डॉक्टर, ही बाटली तोंडात घेत नाही. मला कॅप्सूल नाही दिल्या तर?”

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

“शिकलेल्या दिसता,” हातगुणे गोड हसले. “पण जंतू काही पदवी बघून आत शिरत नाहीत हो! थांबा, पुरावाच दाखवतो. शिंपीणबाई, तुमची शस्त्रक्रिया हिच्यासारखीच ना? या पुढे.”

नुकतेच टाके काढून झालेल्या शिंपीणबाईंनी हो-ना करत पोट दाखवलं. छेद खरंच सुरेख भरले होते.

“काजाच्या टाक्यासारखी जखम! हा कोणाचा प्रताप?”

शिंपीणबाई तोंडावर हात धरून खुदकन हसल्या.

“हसता काय?”

“रागवाल तुम्ही.”

“बोला हो!”

“पहिलीच कॅप्सूल उलटून पडली. मग मी घेतल्याच नाहीत.”

“मग गेल्या कुठं?”

“ह्यांना सर्दी झाली होती. म्हटलं, वाया कशाला घालवा! ह्यांनी खाल्ल्या.”

“गेली का सर्दी?” मागून धाकट्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या हातगुण्यांच्या सूनबाई, आणि इथल्याच डॉक्टर.

“सर्दी आहे तिथंच. पोट मात्र असं सुटलंय म्हणता! इथं आल्यापासून तुमच्याच संडासात आहेत.”

खोली खदखदून हसली. हातगुणे आधी लाल झाले, मग पिवळे.

“एका पोटावरून काही सिद्ध होत नाही!”

“अगदी खरं, बाबा,” सूनबाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणून तर जगभर हजारो पोटांवर तपासून झालंय. तुम्ही कॅप्सूल सगळ्यांनाच देता, जखमा सगळ्यांच्याच भरतात. न देता भरल्या असत्या का, हे कधी पाहिलंत?”

“मग टाके पिकत का नाहीत गं?” सासूबाईंना राहवेना.

“कारण बाबा कोपरापर्यंत घासघासून हात धुतात! अवजारं वाफेवर निर्जंतुक होतात, कातडी औषधानं पुसली जाते. काम करतात हात, भाव खाते कॅप्सूल. सिझेरियनला, गर्भाशय काढताना, कापण्याआधी एक मात्रा लागते. तिथं ती द्यायलाच हवी. अशा स्वच्छ, लहान कामात नाही. उगाच घेतली तर पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि चिवट जंतू शेफारतात. उद्या खरा आजार आला की औषधच लागू पडत नाही. आणि बहुतेक प्रतिजैविकांसाठी दूध तोडावंही लागत नाही.”

“आणि हिला ताप आला तर?” सासूबाईंनी विचारलं.

“तर तपासू. लागलं तर देऊ.”

हातगुण्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. “नको लिहू हिला कॅप्सूल,” शेवटी ते सूनबाईंकडे पाहून पुटपुटले.

गाठ निघाली, साधीच निघाली. मी शुद्धीवर येऊन बसते न बसते तोच ठकी मला बिलगली ती पोट भरेपर्यंत सुटली नाही. छेद आपले आपण भरले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आता सासूबाईच सगळ्यांना सांगत सुटल्यात.

तेव्हा बायांनो, लिहून दिलेलं औषध मनानं टाकू नका, नवऱ्याला तर मुळीच चारू नका. पण विचारा: हे कशासाठी? नाही घेतलं तर काय होईल? लोक हसतील, हसू द्या. उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.