टेबलाखाली शीना

एफी मावशीचं घर जवळ आलं तेव्हा शीना टेबलाखाली होती. चाळिशी उलटलेली, ग्लासगोच्या शाळेत भल्याभल्या कार्ट्यांना सरळ करणारी बाई, भाड्याच्या कॅम्परव्हॅनमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

पोर्टनाक्रॉयच्या समुद्राकडे जायला रस्ता एकच, आणि तो मावशीच्या दारावरून जातो. मावशीकडे उतरलं की दोन दिवस गेलेच म्हणून समजा. आधी चहा, मग सूप, मग गावात कोण कोण गेलं त्याची साग्रसंगीत हकीगत, आणि निघायला उठलं की, "आता कुठे जाता, अंधार पडेल." तोही जून महिन्यात, जेव्हा आमच्याकडे धड अंधार पडतच नाही! शीनाच्या नवऱ्याची, फर्गसची, सुट्टी मोजकी, त्याला सगळा किनारा पाहायचा होता. म्हणून शीनानं फोनवर सांगून टाकलं, "यंदा जमत नाही गं मावशी. इओनाला कांजिण्या आल्यात."

मावशीनं पोस्टानं लोण्याच्या बिस्किटांचा डबा पाठवला. तोच डबा आता टेबलावर होता आणि त्यांची ठणठणीत लेक इओना त्यातलं बिस्कीट खात होती. चुरा शीनाच्या केसांत पडत होता. आई वारल्यावर शीनाला ह्याच मावशीनं वाढवलं होतं. हे सगळं तिला टेबलाखाली आठवत होतं, आणि तरी ती बाहेर येत नव्हती.

"अंगणात आहे का?"

"नाही. गाडीपण नाही," फर्गस म्हणाला. घर मागे पडलं. शीनानं श्वास सोडला.

"अरे देवा," फर्गस पुटपुटला.

वळणावरून मावशीची निळी गाडी समोर आली होती. रस्ता एका गाडीचा. गाडी बाजूला घ्यायची जागा व्हॅनच्या अगदी मागेच होती, म्हणजे रिवाजाप्रमाणे मागे जायचं ते फर्गसनं. त्यानं गाडी मागे घेतली, चाक चिखलाकडे घसरलं, आणि तो तिथेच थिजला. शेवटी मावशीच मागे जाऊ लागली. ऐंशीला टेकलेली, मान वळत नाही, वर चढ. त्या गाडीचं कण्हणं शीनाला खाली बसून ऐकू येत होतं. शरमेनं तिच्या कानशिलांची आग झाली.

मावशी वरच्या तशाच जागेत शिरली आणि व्हॅन शेजारून जाऊ लागली. अशा वेळी स्टिअरिंगवरचं एक बोट रामराम म्हणून उचलायचं आणि निघायचं, एवढंच असतं. पण मावशीनं काच खाली केली.

"काय हो, लांबून आलात?"

ह्याच बाईबरोबर फर्गस आपल्या लग्नात नाचला होता. "ग्लासगोहून," तो कसाबसा म्हणाला.

"छान. हवा चांगली मिळाली तुम्हाला. वाळूच्या पलीकडे थांबा, तिथे वारा कमी लागतो." मग तिची नजर मागे गेली. "आणि ह्या बाईसाहेब? अंगावर फोड नाही एक. बरं झालं."

"मला फोड आलेच नव्हते," इओना म्हणाली. "आई टेबलाखाली आहे."

"असू दे गं. लहानपणी पण ती तिथेच लपायची. मी आपली सगळं घर धुंडाळायची, पिठाच्या डब्यातसुद्धा बघायची." मावशीनं जरा आवाज चढवला. "कुठे बरं गेली आमची शीना? मला बाई दिसतच नाही कुठे!"

ह्यावर 'मी इथे!' म्हणून उडी मारायची आणि मावशीनं केवढ्यांदा तरी दचकायचं, असा तो खेळ होता. शीनानं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मावशी वाट पाहत राहिली. तिच्या मागे मेंढ्यांची गाडी येऊन उभी राहिली.

"चला, लोक खोळंबलेत," मावशी म्हणाली, आणि बोट उचलून निघून गेली.

शीना बाहेर आली. "गाडी मागे घे."

"मला जमत नाही. आत्ता बघितलंस ना!"

"ऐकू आलं. मी उतरते आणि सांगते."

मग ती रस्त्याच्या मधोमध उलट्या पावली चालत, हातवारे करत, त्या घरापर्यंत व्हॅन घेऊन आली. मेंढ्यांची गाडी आणि तिच्या मागचं आणखी कोण कोण मुकाट्यानं तिच्यासाठी थांबलं. सगळे तिला लहानपणापासून ओळखत होते. एकानंही हॉर्न वाजवला नाही. वाजवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मावशी दारात पिशवीतलं सामान काढत होती.

"मावशी," शीना म्हणाली. "मी इथे."

ह्या खेपेला मावशी दचकली नाही.

"हो, दिसलीस," ती म्हणाली. तिनं शीनाच्या केसांतला बिस्किटाचा चुरा झटकला आणि आत वळली. "अर्धा अर्धाच कप टाकते. तुम्हाला पुढे जायचं असेल."