खर्चुडीचे अकरा नमुने

सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना मी पोरांकडून एकच गोष्ट घोकून घ्यायचो: नमुना मुळासकट हवा. या शिस्तीचा मला भारी गर्व होता. आता त्याच गर्वाची लाज वाटते.

शहाण्णव साली कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका गावात आम्ही जैवविविधतेची नोंदवही सुरू केली. गावानंच आपल्या रानाचा अभ्यास करायचा, आम्ही फक्त पद्धत शिकवायची. अकरा जण शिकायला आले. रान दाखवायला होत्या रंगूबाई. साठीच्या, अक्षरओळख नसलेल्या, पण पान न् पान ओळखणाऱ्या. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावरच्या, कातळातली खर्चुडी त्यांनीच दाखवली. कंदिलासारखं इवलं फूल, मातीत कंद. सगळ्या मिळून दहा-अकरा वेली.

"गुरं राखताना आमी कंद खायचो," त्या म्हणाल्या, "पर एक उकरला की दोन सालं तिकडं फिरकायचं न्हाई."

मी ते कौतुकानं लिहून घेतलं, जुन्या बाईची गंमत म्हणून. शास्त्र वाटलंच नाही मला ते. निघताना गृहपाठ दिला: प्रत्येकानं एका दुर्मीळ वनस्पतीचा नमुना करायचा.

महिन्यानं गेलो, तर अकरा जणांनी अकरा खर्चुड्या पुढं ठेवल्या. कंदासकट, वर्तमानपत्रात नीट दाबलेल्या. दुर्मीळ म्हणून त्यांना तीच ठाऊक झाली होती. मी शिकवलं तसंच त्यांनी केलं होतं, आणि मी शाबासकी दिली.

पुढच्या पावसाळ्यात सड्यावर एकही वेल उगवली नाही. पुण्याहून पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे आले होते, नोंदवहीचा प्रकल्प वाढवायचा की नाही ते ठरवायला. त्यांच्यादेखत सरपंच नाथाजींनी विचारलं, "कुनामुळं गेली वं ही?"

रंगूबाई उठल्या. "चूक माजी. जागा म्याच दावली."

मी तोंड उघडलं. शेजारी पाहुणे बसले होते. मी तोंड मिटलं आणि नोंदवही पुढं ओढली. प्रकल्प वाढला.

निघताना रंगूबाई एसटीच्या थांब्यावर आल्या. माझंच समाधान करत होत्या.

"सर, मनाला लावून घेऊ नगा. आता म्या कुनालाच काय दावनार न्हाई. माज्या लेकीला बी न्हाई. आपल्या जिभेनं येकदा वाटुळं झालं, तेवडं पुरं."

चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. थांब्यावर तिसरं कुणी नव्हतं. एसटी आली, मी त्यांना नमस्कार केला आणि चढलो.