चांगुणाच्या नावाची तबकडी

घाबरू नका, मी उडती तबकडी बोलतेय. परग्रहावरून वगैरे आलेली नाही, कल्याणजवळच्या दिवा गावचीच आहे. मूळची मी परात. पितळेची, रुंद कडेची, घरभराच्या भाकऱ्यांचं पीठ एका वेळी पोटात घेणारी. पण सिनेमात काम केल्यापासून गल्लीतली पोरं मला तबकडी म्हणतात आणि खरं सांगू, मला ते आवडतं. पितळेला थोडी मिरवायची हौस असतेच.

कल्याणच्या बाजारात, तांब्यापितळेच्या एका दुकानात मी आणि माझी जोडीदारीण एकीवर एक पालथ्या पडलो होतो. तिथे गंगुबाई आली. दिव्याजवळच्या गावठाणातली आगरी बाई, आवाज असा की दुकानदारच बोलायचा थांबला. तिचे दोन मुलगे, नाथा आणि धाकू, एकाच मांडवात बोहल्यावर चढणार होते. "दोन सुना, दोन पराती. एक लहान नको, एक मोठी नको," असं म्हणत तिने आम्हा दोघींना बोटांनी वाजवून पाहिलं. नावं तिथेच घालून घेतली. माझ्या कडेवर टिंबाटिंबांनी 'चांगुणा' आलं, जोडीदारणीच्या कडेवर 'आवडा'.

नव्या नवऱ्या दारात आल्या तेव्हा गंगुबाईने आमच्यात कुंकवाचं पाणी घातलं आणि दोघींना पाय ठेवायला सांगितले. माझ्यात धाकूची चांगुणा उभी राहिली. तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली आहे, जन्मापासून. ती पाहून शेजारच्या परातीतल्या नाथाच्या आवडाला हसू फुटलं. तिचं पाहून चांगुणाही हसायला लागली. सासू ओरडली, तरी दोघी थांबेनात. त्या हसण्याने दोन्ही परातींतलं पाणी हललं. त्या दिवसापासून त्या जावा कमी आणि मैत्रिणी जास्त होत्या.

पुढची बरीच वर्षं आम्ही एकाच चुलीजवळ काढली. एकीने पीठ मळायचं, दुसरीने थापायचं. गावामागची भातखाचरं गेली, इमारती उभ्या राहिल्या, गंगुबाई वारली. मग जमिनीच्या एका तुकड्यावरून नाथा आणि धाकू भांडले. माणसांचं मला एक कळत नाही. भात पिकत होतं तेव्हा त्या तुकड्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. बोलाचाली वाढली, घर वेगळं झालं आणि अंगणाच्या मधोमध भिंत आली.

वाटणीच्या गडबडीत भांडी पोत्यांत भरली गेली. रागाच्या भरात नावं कोण वाचतो? चांगुणाच्या नावाची मी आवडाबाईकडे राहिले आणि आवडाबाईच्या नावाची माझी जोडीदारीण पलीकडे गेली. दोघींच्याही हे लगेच लक्षात आलं. पण परात बदलून घ्यायची तर बोलावं लागणार. आणि बोलायचं नाही, असं पुरुषांनी ठरवलेलं.

मग आवडाबाई रोज माझ्यात पीठ मळायची ती नेमका त्या नावावर अंगठा टेकवून. मधे सुनेने हलकी स्टीलची परात आणली. मला माळ्यावर टाकायचं ठरलं, तेव्हा आवडाबाई म्हणाली, "हिच्यान पीठ चांगलं मलतं. हिला हात लावू नको." पिठाचं निमित्त होतं, हे मला ठाऊक होतं. भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तो मंद झाला की ती स्वतःशीच पुटपुटायची, "चांगुणाचा खांदा दुखतंय वाटतं." इतकं कळायचं, पण विचारता यायचं नाही. मीही माझ्या जोडीदारणीचा आवाज ओळखायचे आणि गप्प बसायचे. आपण पुन्हा कधी एकमेकींना पाहणार का, हीच एक काळजी मला होती.

आता पायलची गोष्ट. पायल ही आवडाबाईची नात, डोंबिवलीच्या कॉलेजात शिकते. कॉलेजच्या महोत्सवासाठी तिने छोटा विनोदी सिनेमा लिहिला. एका ग्रहावरचं पाणी संपतं, तिथले लोक पृथ्वीवर भरपूर पाणी आहे असं ऐकून निघतात आणि उतरतात नेमके दिव्यात. आल्या आल्या त्यांना हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहावं लागतं. तिने हे वाचून दाखवलं तेव्हा वर्तमानपत्रामागे नाथाबाबा खोकल्यासारखं करून हसले.

तबकडी कुठून आणायची हा प्रश्न होता. वर्तकनगरहून तिचा मित्र मितेश कॅमेरा घेऊन आला होता. त्याने मला ओट्यावर उन्हात वाळताना पाहिलं आणि ओरडला, "अरे, ही तर अर्धी तबकडी आहे! अशीच अजून एक पाहिजे. तोंडाला तोंड लावून कॅमेऱ्यासमोर टांगली की खल्लास!"

अशीच अजून एक सगळ्या दिव्यात एकाच घरात होती. पायलने भिंतीकडे पाहिलं. आवडाबाईने पदराने हात पुसले आणि आत निघून गेली.

पायल पलीकडे जाऊन आली. तिथे काय झालं ते तिने मितेशला माझ्यासमोरच सांगितलं, म्हणून मला माहीत. चांगुणाबाई म्हणाली, "परात देईन, पन एकटी नाय धाडनार. मी तिच्याबरोबर येईन. आनि त्या घरान माना तोंड दाखवाचं नाय."

पायल हुशार. ती म्हणाली, "छोटी आजी, तोंड दिसणारच नाही असा रोल देते ना तुला."

अशी आमची चांगुणाबाई परग्रहवासी झाली. रुपेरी कापडाचा झगा, डोक्यावर काळ्या काचेचं हेल्मेट आणि त्यावर तारेने उभे केलेले दोन पिंगपाँगचे चेंडू. कपडे तिने आपल्याच घरात चढवले. आवडाबाईला पायलने एवढंच सांगितलं, "एक जण येणारे, तुझ्या दारात. तू बघून किंचाळायचं आणि आत पळायचं. बस्स."

त्या दिवशी सकाळी आवडाबाईने माझ्यात भाकऱ्या केल्या आणि मला घासून बाहेर दिलं. कडेला थोडं पीठ राहिलंच. मग मितेशने माझ्या जोडीदारणीला आणलं आणि आम्हा दोघींना तोंडाला तोंड लावून चिमट्यांनी पकडलं, भोवती गणपतीतली दिव्यांची माळ गुंडाळली. काय सांगू तुम्हाला! तिचं पोट झिजलं होतं, एका बाजूला पोचा आला होता. पण तिच्याही कडेला पीठ होतं. आम्ही नुसत्या एकमेकींना टेकून राहिलो. आमच्या दोघींच्या आत अंधार होता आणि तांदळाच्या पिठाचा वास होता.

बांबूच्या टोकाला दोरीने आम्ही लटकलो आणि मितेशने कॅमेरा स्टँडवर लावून आम्हाला त्याच्यापुढे झुलवत झुलवत अंगणात कमरेएवढ्या उंचीवर आणून धरलं. मग पायल म्हणाली, "ॲक्शन!"

परग्रहवासी पुढे आला. ओट्यापाशी थांबला, वाकला आणि पायातल्या चपला काढून नीट जोडीने बाजूला ठेवल्या.

"कट! अगं, एलियन चपला काढत नाहीत!"

हेल्मेट नकारार्थी हललं. चेंडूही हलले. दारातून आवडाबाईच बोलली, "बरोबर केलं तिनं. चपला घालून कोन येतं दुसऱ्याचे घरान?"

पायलने कपाळाला हात लावला आणि चपलांशिवाय पुढे जायचं ठरलं. पण आवडाबाई किंचाळेना. परग्रहवासी समोर येऊन उभा राहिला की ती डोक्यावरचा पदर सारखा करायची.

"आजी, घाबर ना यार! तो अंतराळातून आलाय!"

"त्याच तर बोलतंय मी. एवऱ्या लांबून आलाय. दारान पाव्हना आला तर भ्यायचं कनाला?"

असं म्हणून ती आत गेली. पायलला वाटलं, रुसली. पण ती बाहेर आली तेव्हा एका हातात भाकरीचा तुकडा होता आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. घरात होता तेवढ्या एकुलत्या हंड्यातून तिने तो तांब्या भरला होता. लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्यात थांबवून भाकरतुकडा ओवाळायचा आणि पायावर पाणी घालून मगच आत घ्यायचं, ही गंगुबाईची शिकवण. पाहुणा कुठल्या ग्रहावरचा, असं तिने काही सांगून ठेवलं नव्हतं.

"मितेश, चालू ठेव," पायल कुजबुजली.

आवडाबाईने हेल्मेटवरून तुकडा ओवाळला आणि लांब फेकून दिला. मग वाकून पायांवर पाणी सोडलं. उजव्या पायावर, मग डाव्या पायावर. आणि पाणी पडत असताना तिचा हात थांबला. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती.

ती पावलं मीही ओळखली. माझ्यातच तर उभी राहिली होती ती.

आवडाबाईने तांब्या खाली ठेवला. ओल्या हाताने ते पाऊल धरलं. मग मान वर न करताच म्हणाली, "किती वालली गो तू, चांगुणे."

हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली. आतून थोरल्या जावेला मारायची जुनी हाक आली, "बाय." पुढे नुसते हुंदके. आवडाबाईने उठून ते हेल्मेट काढायचा प्रयत्न केला, ते केसांत अडकलं, आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या. लग्नाच्या दिवशी हसल्या होत्या तशाच. ते पाहताना मितेशच्या हातून बांबू सुटला आणि आम्ही दोघी दणकन खाली आलो.

त्या आवाजाने ओट्याच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले नाथाबाबा उठले. पायल दोघी आज्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. बाबा सरळ भिंतीकडे गेले, घसा खाकरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पलीकडे हाक मारली, "धाकू! अरं, तुझी बायको बघ कं झालीय! लवकर ये!"

आणि धाकू आला. अंगात बनियन, हातात टीव्हीचा रिमोट, तसाच.

पायलने तो प्रसंग सिनेमात जसाच्या तसा ठेवला. महोत्सवात टँकरच्या रांगेला लोक खूप हसले आणि पायावर पाणी पडलं तेव्हा सभागृहात कुणी खोकलंही नाही. पडद्यावर मी उतरत होते, हत्तीएवढी, आणि माझ्या कडेवरचं 'चांगुणा' शेवटच्या रांगेतूनही वाचता येत होतं. ते नाव पाहून चांगुणाबाईने पदर तोंडावर घेतला. आवडाबाईने तो ओढून खाली केला.

तिथून आल्यावर आवडाबाई मला घेऊन निघाली. "घे गो, तुझी परात तुना." चांगुणाबाईने माझ्या कडेवर बोट फिरवलं. नाव एका जागी झिजून गुळगुळीत झालेलं होतं. कशाने, ते तिने विचारलं नाही. म्हणाली, "राहूं दे. तुझे हाताची झालीय ती."

पडल्याचा पोचा माझ्या बुडाला अजून आहे. ओट्यावर ठेवलं की मी जरा डुगडुगते. ठोकून घेऊ का, असं सूनबाईने विचारलं होतं. बरं झालं, कुणी मनावर घेतलं नाही. ज्या हातांनी माझ्यात पीठ मळलं, मला घासलं, झिजवलं त्यांची मी ऋणी आहे. मितेशच्या सुटलेल्या हाताचीही. आणि गंगुबाईची तर सगळ्यात जास्त, कारण तिने एक लहान आणि एक मोठी घेतली नाही.

तुमच्याही घरात माळ्यावर कुणाच्या तरी नावाचं भांडं असेल. ते मोडीत घालण्याआधी एकदा खाली काढा आणि नाव वाचा. त्या नावाचं माणूस हाकेच्या अंतरावर असेल, तर बघा.

भिंत अजून उभी आहे. भाऊ ते भाऊच, एका दिवसात ती पाडायला तयार झाले नाहीत. पण एका रविवारी नाथाबाबा अलीकडून आणि धाकू पलीकडून ठोकायला बसले आणि चुलीच्या उंचीवर थोड्या विटा काढल्या. किती काढायच्या यावर दोघांचा वाद झाला. शेवटी त्यांनी मला आणून भिंतीला लावलं आणि मी आरपार जाईन एवढ्याच काढल्या.

आता सकाळी मी भाकऱ्या घेऊन त्या भोकातून पलीकडे जाते आणि माझी जोडीदारीण सुकटीचं कालवण घेऊन अलीकडे येते. मधे भिंतीत क्षणभर आमची गाठ पडते. कधी मी तिकडेच राहते, कधी ती इकडे. कोणती कुणाची, हे आता कुणी वाचत नाही.